जानेवारीत मैत्रिणींना घेऊन येशील तेव्हा

प्रिय बेटा,

तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना चार दिवस नुसतं सावजीच खायचंय म्हणालीस. खाऊ देत, पण एकच रात्र. जानेवारीत नागपुरात जे मिळतं ते बाकीच्या महिन्यांत नाही मिळत, आणि त्यातलं अर्धं तर हॉटेलात मिळतच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांना सोले दाखव. तुरीच्या ओल्या शेंगांचे हिरवे दाणे त्यांना मटारसारखे वाटतील, चव मात्र अगदी वेगळी. बाजारात शेंग दाबून घ्यायची. दाणा भरलेला हवा आणि साल हिरवीच हवी. शेंग पिवळसर पडली की आतला दाणा जून झालेला असतो, त्याचं साल चामट होतं आणि कितीही शिजवलं तरी दाताखाली येतं. सोले-वांग्याच्या भाजीला पाव किलो दाणे आणि अर्धा किलो लहान वांगी. निम्मे दाणे जाडेभरडे वाटायचे, निम्मे अख्खे ठेवायचे. लसूण-मिरचीच्या फोडणीत आधी दाणेच परतायचे, मंद आचेवर दहा मिनिटं तरी, तेल सुटेपर्यंत. सगळे इथेच घाई करतात. दाणे नीट परतायच्या आत पाणी पडलं की तुरीचा कच्चट वास भाजीला शेवटपर्यंत राहतो, मग वरून कितीही मसाला घाल.

सांबारवडीचं नाव ऐकून त्या इडलीबरोबरचं सांबार शोधतील. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आधीच सांगून ठेव. थंडीत जुड्या स्वस्त आणि कोवळ्या असतात, म्हणून वडी याच दिवसांतली. कोथिंबीर धुऊन कापडावर पसरून पूर्ण सुकवायची आणि मगच चिरायची. ओलसर राहिली तर आत वाफ कोंडते, पारी फुटते आणि सारण कढईभर होतं. सारणात तीळ, खसखस, सुकं खोबरं, लसूण, तिखट. पारी बेसन आणि कणकेची, तिला आतून चिंच-गुळाचा कोळ पुसटसा लावायचा. कोळ जास्त झाला की घडी सुटते. आच मध्यम. मोठ्या आचेवर वरून लाल दिसते आणि आतली पारी कच्ची राहते. विकत घ्यायची तर कढईतून निघताना घे, काचेच्या कपाटातली घेऊ नको. गरम कढीबरोबर खा.

आता सावजी. हे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरातलं जेवण, हॉटेलं त्यानंतरची. एवढं तरी मैत्रिणींना कळू दे, नाहीतर ‘कोण जास्त तिखट खातं’ एवढ्यावरच सगळं थांबतं. काळपट रंग भाजलेल्या मसाल्याचा असतो. त्यात धणे, काळी मिरी, मोठी वेलची, दगडफूल असतं. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ लावतात. जुन्या घरांत जवसाचं तेल वापरायचे. पहिल्यांदा अर्धीच प्लेट सांगा. तवंग बाजूला सारून खालचा रस्सा भाकरीबरोबर घ्या, तर मसाल्याची चव कळेल. ठसका लागला की पाणी पिऊ नका. मिरचीचा तिखटपणा तेलात मुरतो, पाण्याने तो तोंडभर पसरतो. ताक नाहीतर दही सोबत असू दे. तुमच्यातली एक मांसाहार करत नाही ना, तिला पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा. पाटोडी बेसनाची असते आणि रश्शात शेवटी सोडतात. आधीपासून बुडालेली आली तर तिचा लगदा झालेला असतो. परत द्यायला लाजू नका.

पण एवढ्या लांबून आल्यावर लांबपोळी करताना पाहिली नाही तर नागपूर पाहिलं नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. संध्याकाळी जा. पीठ बारीक चाळलेलं, आणि पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल. हातातून ओघळेल इतकं. ते परातीत आपटून आपटून मळतात, रबरासारखं ताणलं जाईपर्यंत. मग गोळा एका हातावरून दुसऱ्यावर झुलवत नेतात. तो स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ होतो की पलीकडचा जाळ दिसावा. आणि एका झोकात उलट्या मटक्यावर. कुठे सुरकुती नाही, भोक नाही. आपटणं कमी पडलं तर पोळी हातावरच फाटते. मटका पुरेसा तापला नसेल तर चिकटते, आणि मिनिटभराच्या वर राहिली तर पापडासारखी कडक होते, घडी घालताना मोडते. लगेच घडी घालून फडक्यात गुंडाळतात ते तिचा मऊपणा टिकावा म्हणून. तुम्हीही डब्यात बंद करू नका, घाम सुटून चिकट होते. उन्हाळ्यात ती आमरसाबरोबर, आत्ता झुणक्याबरोबर किंवा रश्शाबरोबर. फोटो काढायच्या आधी ‘ताई, काढू का?’ विचारा, आणि गिऱ्हाईक उभं असेल तर बाजूला थांबा. जाळ चालू असताना वाया गेलेलं प्रत्येक मिनिट त्यांच्या कमाईतलं असतं.

तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्शाबरोबरचे पोहे, सकाळी नऊच्या आत. कस्तुरचंद पार्काकडे गेलात तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. वरून ओतली की पोह्यांचा दोन मिनिटांत चिखल होतो.

संत्र्यांची मात्र पंचाईत आहे. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेली, फळं तोवर संपत आलेली, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील. या मधल्या दिवसांत गाड्यांवर किन्नू, संत्र्यासारखंच दिसणारं उत्तरेकडचं फळ, ‘नागपुरी’ म्हणून खपवतात. किन्नूची साल घट्ट चिकटलेली, गुळगुळीत, चकचकीत असते. आपल्या संत्र्याची साल सैल, दाबली तर आत पोकळी लागते, आणि नखाने सहज सुटते. खात्री वाटली नाही तर घेऊच नका.

एक दिवस वर्ध्याला जा. सेवाग्राम पाहून येताना गोरसपाक नावाची बिस्किटं आणा, गाईच्या तुपातली असतात ती. रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो.

शेवटच्या दिवशी दुपारी वडाभात घरीच करू. हरभरा डाळ 1 वाटी, तूर आणि मूग अर्धी अर्धी, उडीद पाव वाटी, चार तास भिजवून. पाणी न घालता भरड वाटायचं काम तुझं, मागच्या वेळी मिक्सरमध्ये पाणी गेलं होतं आणि वडे तेल पिऊन बसले. भातावर वडे कुस्करून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी मी घालीन.

किती जणी येताय ते चार दिवस आधी कळव. सोले निवडायला वेळ लागतो.

तुझी,
आई