कडक गुठळीवर टेस्ट केलंय का, ते आधी सांगा

संपादक महोदय,

मांडीच्या धमनीतून कॅथेटर (बारीक लवचीक नळी) घालून स्ट्रोकच्या पेशंटच्या मेंदूतली गुठळी बाहेर काढतात, त्याच्या बातम्या आता बऱ्याच येतात आणि ते खरंच मोठं काम आहे, २०१५ मध्ये तर एकापाठोपाठ पाच ट्रायल्सनी ते सिद्ध केलं. पण ही डिव्हाइसेस माणसात जायच्या आधी कशावर तपासली जातात याबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

लॅबमध्ये सिलिकॉनच्या धमन्या बनवतात, त्यातून पंपाने कोमट द्रव फिरवतात आणि रक्तापासून तयार केलेली गुठळी त्यात अडकवून ओढून बघतात. सगळी मेख या गुठळीतच आहे. लाल पेशी जास्त असल्या की गुठळी मऊ असते, स्टेंट रिट्रीव्हरची, म्हणजे गुठळी पकडून ओढणाऱ्या डिव्हाइसची, जाळी तिच्यात छान रुतते, पण फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे धागे) जास्त असेल तर ती पांढुरकी, रबरासारखी चिवट होते, धमनीच्या भिंतीला घट्ट धरून बसते आणि जाळी बाजूने घसरून रिकामीच परत येते. आता नुसत्या मऊ गुठळीवर टेस्ट करून रिझल्ट चांगला आला म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

प्राण्यांवरच्या टेस्ट बहुतेक डुकरांवर होतात. डुकराच्या मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रेटे मिराबिले म्हणतात त्याला, त्यातून कॅथेटर पुढे जातच नाही, मग जिभेकडे किंवा घशाकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी सोडून काम भागवतात. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, धमनीच्या आतल्या अस्तराला किती इजा झाली ते बघायला जिवंत धमनीच लागते. पण तरुण, निरोगी डुकराची बऱ्यापैकी सरळ धमनी कुठे आणि पंचाहत्तरीच्या बीपीवाल्या माणसाची वेडीवाकडी, कडक झालेली धमनी कुठे!

म्हणून कंपन्यांनी कुठल्या कुठल्या गुठळ्या वापरल्या, पहिल्याच प्रयत्नात किती निघाल्या आणि तुकडे सुटून पुढच्या बारीक धमन्यांत किती गेले हे फसलेल्या प्रयत्नांसकट जाहीर करायला हवं. मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) मरतात, त्यामुळे दुसरा-तिसरा प्रयत्न पेशंटला फार महाग पडतो. नवीन डिव्हाइसची बातमी छापताना तुमच्या प्रतिनिधींनीही कंपनीला हे विचारावं, एवढी विनंती.

– एक नियमित वाचक