काकांच्या संहिता शाबूत आहेत

म्हापसा, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकांनी जत्रेतल्या नाटकांसाठी लिहिलेल्या संहिता उघडत नाहीत म्हणून तू हवालदिल झालायस. त्या कुठे छापलेल्याही नाहीत, तेव्हा तुझी काळजी मला समजते. आधी एक कर: काही डिलीट करू नकोस, आणि नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल चुकूनही सेव्ह करू नकोस. सेव्ह केलीस तर मात्र ती खरोखरच बिघडेल.

सगळी चित्रविचित्र चिन्हं, पण सुरुवातीला पी आणि के ही रोमन अक्षरं, असं तू लिहिलंयस. ते वाचून माझ्या जिवात जीव आला. वर्डची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं एक गाठोडं, आणि झिपच्या तोंडाशी हीच दोन अक्षरं असतात. झिप तयार करणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. म्हणजे मजकूर बहुधा जागेवर आहे. फाइल कशात उघडायची हे विंडोज आत डोकावून ठरवत नाही, नावाच्या शेवटी टिंबानंतर असलेलं एक्स्टेंशन (इथे 'डॉकएक्स') बघतं. कुणाच्या तरी हातून डॉकएक्सची गाठ नोटपॅडशी बांधली गेली, इतकंच.

पेनड्राइव्हवर सगळ्याची एक प्रत घे आणि मगच हात लाव. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर ॲप', तिथे वर्ड निवड आणि विंडोज ११ असेल तर 'ऑलवेज' दाब. वर्ड नसेल तर लिबरऑफिस घे. ते फुकट मिळतं आणि डॉकएक्स उघडतं. एक्स्टेंशन दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो'खाली ते दाखवायची सोय आहे. ती चालूच ठेव, कारण संहितेच्या नावाआड शेवटी 'ईएक्सई' लपलेलं असेल तर ती संहिता नव्हे, चालणारा प्रोग्राम असतो, कदाचित व्हायरसही; ती फाइल उघडायचीच नाही. एक्स्टेंशन हाताने बदलू मात्र नकोस, नाव बदलून आतला मजकूर बदलत नाही.

जुन्या संहिता वर्डमध्ये उघडूनही मराठीऐवजी रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर घाबरू नकोस. तो दोष प्रोग्रामचा नाही. पूर्वी श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. तो फॉन्ट संगणकात नसला की असं होतं. काकांना विचार कोणता फॉन्ट वापरायचे. तो घातला की मजकूर वाचता येईल, मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशा प्रमाण पद्धतीत, बदलून घेऊ. त्या कामाला मी स्वतः पेडण्याला येईन, कारण जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात आणि काकांचा शब्द बदललेला मला चालणार नाही.

काका-काकूंना नमस्कार. पहिली संहिता उघडली की लगेच फोन कर. तालमी सुरू व्हायच्या आत मंडळाला प्रती द्यायच्या आहेत.

तुझाच