माऊसला हात न लावणाऱ्या दादांना

ऐरोलीच्या दादांना नमस्कार,

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतं दादा. वयाने माझ्याहून लहान आहात, पण असू दे.

लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमधला, आपण खात्री केलेला तो बग, म्हणजे बिघाड, काल ‘फिक्स्ड’ झाला, दुरुस्त झाला. आनंदात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची खीर झाली. आभार मात्र चारचौघांत मानायचे ठरवले.

ठाण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला होता, हे तुम्हाला माहीत आहे. शंभर टक्के नोकरीची हमी, फी आधी. शंका विचारली की तिथले सर “थांबा, दाखवतो” म्हणत माऊस हातातून काढून घ्यायचे, खटाखट क्लिक करायचे आणि “कळलं ना?” म्हणत पुढच्या रांगेत. हमीचं काय झालं ते विचारायला गेले, तर तिथे मोबाईल कव्हरांचं दुकान! नंतर फुकट काम करते म्हटलं, तरी एका प्रकल्पावरून “आधी सगळं वाचून या” एवढंच उत्तर आलं. वाचायचं कुठून सुरू करू, ते कोण सांगणार?

तुम्ही शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याला आलात. स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसलो. नवे बग शोधायच्या मागे लागू नका म्हणालात, आधी दुसऱ्यांनी नोंदवलेले तपासा. ज्याने नोंदवलं त्याने स्वतःच खात्री करायची नसते. दुसऱ्या कुणाला आपल्या मशीनवर तेच दिसावं लागतं. तोवर नोंद ‘अनकन्फर्म्ड’ पडून राहते.

मी कॉपी-पेस्टसाठी दर वेळी वरच्या मेनूत जाते. क्लासात यावर हशा पिकला होता. तुमच्यासमोरही तसंच चाचपडत होते. तुम्ही कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिलात. कॉफी गार झाली, पण हात काही माऊसकडे आला नाही. मी घाईघाईने शॉर्टकट आठवायला लागले, तेव्हा एवढंच म्हणालात, “तुम्ही रोज करता तसंच करा. बरोबर करायला जाऊ नका.”

आणि मेनूतून केल्यावरच तो बग दिसला! शॉर्टकटवाल्यांना तो दिसतच नव्हता.

२०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर. पगारी डेव्हलपर आहेत, पण सुट्टीचा दिवस दुसऱ्याच्या तक्रारीवर घालवणारेही आहेत म्हणून ते चालतं. आपला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि संगणकाला ती वेगवेगळी अक्षरं वाटू शकतात. हे तपासायला मराठीत लिहिणारंच माणूस लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी कुणाच्या उपयोगाची आहे असं त्याआधी बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. सभ्य माणसं आपल्याकडे कमी नाहीत, फक्त ती फी घेत नाहीत आणि बोर्ड लावत नाहीत, त्यामुळे सापडत नाहीत.

आता एक मागणं. बिघाड नेमक्या कुठल्या बदलाने आला ते अर्ध्या-अर्ध्याने शोधायचं, ते बायबिसेक्ट मला अजून जमत नाही. एक शनिवार आणखी द्याल का? या वेळी मी ऐरोलीला येईन, आणि बिल मी देणार.

तुमची,
नौपाड्याची ताई