भूकंपाच्या बातमीतली चौकट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली-नांदेडकडे किंवा कोयनेला जमीन हादरली की दुसऱ्या दिवशी बातमीखाली एक चौकट येते : ‘दोन भूपट्ट एकमेकांवर आदळल्यामुळे भूकंप होतो.’ भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते, अवाढव्य तुकडे. चौकटीतलं वाक्य हिमालयाला लागू आहे. महाराष्ट्र भारतीय भूपट्टाच्या कडेला नाही, चांगला आत आहे. मग इथे काय आदळलं, हा वाचकाचा प्रश्न ती चौकट तसाच ठेवते. मी भूगोल शिकवत असे, आणि वर्गातली मुलं नेमकं हेच विचारायची.

आपला भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि आशिया त्याला अडवतो. भरलेली गाडी चढाला अडली, बैलांनी जोर लावला, की करकरते ती आधीच चिरलेली दांडी. तसा हा ताण हजार-दीड हजार किलोमीटर मागे आपल्यापर्यंत पोचतो आणि खडकातल्या जुन्या भेगांवर साठतो. ज्या भेगेवरून खडक सरकतो, तिला भ्रंश म्हणतात.

हे भ्रंश सहसा दिसत नाहीत, कारण वर काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. सह्याद्रीचे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे म्हणजे तेच थर. ‘आपल्याखाली अखंड कातळ आहे, आपल्याला भीती नाही’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण विंधनविवरांतून दिसलं की हा कातळ किल्लारीला जेमतेम 340 मीटर आणि कोयनेला सुमारे 930 मीटर जाड आहे. त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे आणि आपले भूकंप बहुतेक तिथे, काही किलोमीटर खोलीवर होतात. भूकंपनाभी, म्हणजे खडक जिथे सरकायला लागतो ती जागा, इतकी उथळ असली की मध्यम भूकंपही वरच्या गावाला जबर बसतो. म्हणून रिश्टरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापताना शेजारी खोलीही छापावी, ही माझी पहिली विनंती.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी. 1962 च्या सुमारास धरणात पाणी साठू लागलं, तसे धक्के वाढत गेले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. ताण आधीपासून होताच. पाणी भेगांतून खोल उतरलं, तिथला दाब वाढला आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या खडकांची पकड सुटली. जगभरचे अभ्यासक यासाठी कोयनेला येतात. साताऱ्यातल्या शाळकरी मुलांना मात्र हे वर्तमानपत्रातून कळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजत आले होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. (तो पट्टा 2002 मध्ये नकाशातून काढूनच टाकला.) आधीच्या वर्षी तिथे धक्के जाणवले होते. त्या दिवसांत मी मदतीला गेलो होतो. पडलेल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या : बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि खडी, आणि दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. वर दरवर्षी माती चढवून जड झालेलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंतीचे दोन पदर फाकले आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. तीव्रता 6.2 होती. माणसं मात्र हजारोंनी गेली.

आमच्याकडे आजही मातीत दगड रचून वाढीव खोल्या बांधल्या जातात. गवंड्याशी बोललो तर तो म्हणतो, असं कुणी सांगितलंच नाही. दर 30 सप्टेंबरला आपण श्रद्धांजलीचा फोटो छापता, तो छापाच. त्याच्याशेजारी भिंतीची एक आकृती द्यावी : आरपार दगड दर किती अंतरावर घालायचा, चारही भिंतींना बांधणारी सलग पट्टी कुठे घ्यायची, माळवदाचं ओझं कसं कमी करायचं. अभियांत्रिकी महाविद्यालयातले कुणीही प्राध्यापक ती काढून देतील. गवंड्याला कापून खिशात ठेवता येईल एवढी ती असावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
उमरगा, जि. धाराशिव