यकृताचा कर्करोग आणि रक्तातील चरबी : तुलना कोणाशी केली, हे आधी विचारावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रक्तातील व ऊतींमधील स्निग्ध पदार्थांवरून यकृताचा कर्करोग लवकर ओळखता येईल, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. तीस वर्षे रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम केलेले असल्याने या विषयाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र निरोगी माणसे आणि कर्करोगाचे रुग्ण यांच्या रक्तात ठळक फरक आढळल्याचा त्यातील उल्लेख वाचून मी थबकलो, आणि हे पत्र त्या एका उल्लेखासाठीच लिहीत आहे.

यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के कर्करोग यकृतपेशींचे असतात आणि ते बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या यकृतात उद्भवतात. कावीळ ‘ब’ किंवा ‘क’चा जुना संसर्ग, दारू, फॅटी लिव्हर यांपैकी कशानेही यकृतात व्रण साठत जातात, यकृत निबर होते म्हणजेच सिऱ्हॉसिस होतो आणि त्या जमिनीत गाठ उगवते. (कावीळ ‘ब’ आणि फॅटी लिव्हर यांत सिऱ्हॉसिस नसतानाही ती होऊ शकते, हे खरे.) म्हणजे ज्याला या तपासणीची गरज आहे तो माणूस मुळात निरोगी नाहीच. शिवाय शरीरातील स्निग्ध पदार्थांचा बराचसा कारभार यकृताकडेच असतो. कोलेस्टेरॉल तयार करणे, ते रक्तातून वाहून नेणारी प्रथिने बनवणे, त्याचे पित्ताम्लांत रूपांतर करणे, ही सगळी कामे त्याची. असे यकृत थकले की कर्करोग असो वा नसो, रक्तातील चरबीचे आकडे बदलणारच. अशा वेळी निरोगी माणसांशी तुलना करून जो फरक हाती लागतो, तो कर्करोगाचा की सिऱ्हॉसिसचा, हे कसे ठरवायचे?

हे माझ्या घरातच पाहिले म्हणून अधिक कळकळीने लिहितो. माझ्या थोरल्या मेव्हण्यांना सिऱ्हॉसिस होता. आधी दोनशेच्या वर असणारे त्यांचे कोलेस्टेरॉल दोन-तीन वर्षांत ११० वर आले, तेव्हा पथ्य फळाला आले म्हणून घरात सगळ्यांना समाधान वाटले. रिपोर्टवर तो आकडा सामान्य मर्यादेतच छापलेला होता. मी तो अल्ब्युमिन या यकृतातच बनणाऱ्या प्रथिनाच्या उतरलेल्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला आणि माझ्या लक्षात आले की हे पथ्याचे यश नाही. त्यांच्या यकृताला आता कोलेस्टेरॉल बनवणेही झेपत नाही. गंमत अशी की काही यकृतपेशी-कर्करोगांत नेमके उलट घडते. गाठीतील पेशी रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण न जुमानता ते तयार करतच राहतात आणि आकडा वर जातो. म्हणून नेहमीच्या लिपिड प्रोफाइलवरून कर्करोगाचा अंदाज बांधायला कोणी जाऊ नये.

संशोधक ज्या मेदरेणूंविषयी बोलतात ते या चार-पाच आकड्यांपलीकडचे आहेत. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर एका थेंबातील शेकडो मेदरेणू वेगवेगळे मोजता येतात आणि त्यातून जे दिसते त्याला भक्कम कारण आहे. भराभर वाढणाऱ्या पेशीला नव्या पेशीपटलांसाठी मेद लागतो. कर्करोगाची पेशी रक्तातून येणाऱ्या मेदावर विसंबून न राहता तो स्वतःच तयार करू लागते. अशा घरच्या मेदात पामिटिक व ओलेइक यांसारखी संपृक्त आणि एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्ले अधिक असतात, तर आहारातूनच मिळणाऱ्या बहु-असंपृक्त मेदाम्लांचा वाटा घटतो. रक्तात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन या मेदरेणूचे प्रमाण उतरलेले अनेक अभ्यासांत आढळले आहे. या वाटेने शोध घेणे चुकीचे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट त्याची निकड मोठी आहे. यकृताच्या कर्करोगासाठी सध्या रक्तात तपासले जाणारे अल्फा फीटोप्रोटीन हे प्रथिन १९६३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ गारी आबेलेव्ह यांनी उंदरांतील यकृताच्या गाठींच्या संदर्भात दाखवून दिले आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते रुग्णाच्या रक्तात सापडले. इतक्या वर्षांनंतरही मिलिलिटरला २० नॅनोग्रामची मर्यादा धरली, तर ढोबळमानाने दहापैकी चार रुग्ण या तपासणीतून निसटतात, आणि गर्भारपणात किंवा हिपॅटायटिसच्या भरात कर्करोग नसतानाही ते वाढते. सोनोग्राफीतही लहान गाठ, विशेषतः स्थूल रुग्णात, नजरेआड होऊ शकते.

ऊतींच्या तपासणीविषयी आपल्या लेखात दोनच ओळी होत्या. तिथली अडचण प्रयोगशाळेत वावरलेल्यालाच ठाऊक असते. बायोप्सीचा तुकडा नेहमीच्या पद्धतीने फॉर्मालिनमध्ये ठेवून, अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवला जातो. या प्रवासात त्यातील चरबी विरघळून निघून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली फॅटी लिव्हरच्या पेशीत जी पांढरी गोल भोके दिसतात, ती चरबी नव्हे, चरबीची रिकामी झालेली जागा होय. त्यामुळे रुग्णालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे जपलेले मेणाचे हजारो ठोकळे या संशोधनाच्या फारसे उपयोगाचे नाहीत. त्यासाठी तुकडा शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर येताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. रक्ताचेही तसेच आहे. नळी टेबलावर तासन्‌तास पडून राहिली, तर त्यातील एन्झाइमे थांबत नाहीत आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनचे प्रमाण नळीतल्या नळीतच बदलते. एका गटाचे रक्त सकाळी उपाशीपोटी घेऊन लगेच गोठवले आणि दुसऱ्याचे दुपारपर्यंत तसेच राहिले, तर यंत्र इमानदारीने फरक दाखवील, पण तो फरक आजाराचा नसेल. रुग्ण कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन हे औषध घेतो का, रक्त देण्याआधी त्याने काय खाल्ले होते, याचीही नोंद हवी. शेकडो रेणू आणि जेमतेम पन्नास-साठ रुग्ण असले की निव्वळ योगायोगानेही काही रेणू वेगळे दिसतातच.

ज्यांना सिऱ्हॉसिस किंवा जुनी कावीळ ‘ब’ आहे, त्यांच्यापैकी कोणी असे लेख वाचून नवी तपासणी येईपर्यंत थांबण्याचा विचार करू नये. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत अल्फा फीटोप्रोटीन, हाच आजचा मार्ग आहे. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढता येते, जाळता येते, प्रसंगी यकृताचे प्रत्यारोपणही होऊ शकते.

आपणांस माझी विनंती एवढीच आहे की, या विषयावर पुढे जे छापाल त्यात कर्करोगाच्या रुग्णांची तुलना कर्करोग नसलेल्या सिऱ्हॉसिसच्या रुग्णांशी केली होती का, हे वाचकांना आवर्जून सांगावे. त्याहून मोलाची माहिती म्हणजे रक्त केव्हा घेतले ही. निदान झाल्यावर घेतलेल्या रक्तात खूण सापडणे तुलनेने सोपे असते. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांचे रक्त दर सहा महिन्यांनी घेऊन गोठवून ठेवले, काही वर्षांनी त्यांतल्या कोणाला कर्करोग झाला ते पाहिले आणि मग गाठ दिसण्याच्या वर्षभर आधीच्या नळीत तीच खूण सापडली, तर ती बातमी पहिल्या पानावर यावी.

आपला,
एक निवृत्त जीवरसायन तंत्रज्ञ