खाकी कपड्यातला दिग्दर्शक

सोलापूर

प्रिय राणी,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस, "वयाची बत्तीस उलटली बाबा, अजून मी हैदराबादेत बसून दुसऱ्यांच्या सिनेमांत पावलांचे आवाजच भरतेय." मी नुसतं हूं केलं. फोनवर मला काही सुचत नाही, तुला ठाऊक आहे.

त्या रात्री शेजारच्या पद्मशाली काकांकडे 'शंकराभरणम' हा तेलुगू सिनेमा पाहिला. सोलापूरच्या या तेलुगूभाषक पूर्व भागात जन्म गेला, तरी माझं तेलुगू बाजारहाटापुरतंच. काका मधे मधे समजावत होते. शेवटी मात्र गप्प झाले. मैफिलीत म्हातारे गवई शास्त्रीबुवा, त्यांचा श्वास अडतो, गाणं तुटतं, आणि त्यांचा शिष्य, ते पोरगं, अलगद तेच गाणं पुढे उचलतं. काकू पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. शास्त्रीबुवा झालेले सोमयाजुलू सरकारी नोकरीतले, नाटकात काम करणारे. असा बिनचेहऱ्याचा, वय झालेला माणूस नायक! 1980 साली असं धाडस करायचं म्हणजे बघ. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले त्या सिनेमाला.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. त्याचे दिग्दर्शक के. विश्वनाथ मुळात तुझ्याच खात्यातले! गुंटूरकडचे, जन्म 1930 चा. मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत साउंडला लागले. मग दिग्दर्शक अदुर्ती सुब्बारावांच्या हाताखाली उमेदवारी, आणि स्वतःचा पहिला सिनेमा 1965 मध्ये. वयाचा हिशेब तूच कर.

मला त्यातली गंमत दुसरीच वाटली. साउंडवाला माणूस सिनेमा काढतो, आणि नायिका कोण, तर मुकी नर्तकी! 'सिरि सिरि मुव्वा', 1976. मुव्वा म्हणजे घुंगरू, काकांनी सांगितलं. बोलता न येणाऱ्या पोरीची भाषा घुंगरात घालायची, हे कान तयार असल्याशिवाय सुचेल का? त्याचाच हिंदी 'सरगम' त्यांनीच केला. तो मी आणि तुझ्या आईने लग्नाआधी पाहिला होता, चोरून. डफलीवाला ऋषी कपूर तेवढा लक्षात राहिला, दिग्दर्शक कोण ते विचारलंच नाही.

पुढे त्यांच्या 'स्वातिमुत्यम्'ला भारताने ऑस्करला पाठवलं, 2016 चा फाळके पुरस्कारही मिळाला. गेले ते 2 फेब्रुवारी 2023 ला. 'शंकराभरणम' लागला होता त्याच तारखेला.

आणि हो, सेटवर ते खाकी कपडे घालायचे, कामगारासारखे. हे ऐकून मी जरा ताठ बसलो. खाकी घालून मीही कारखान्यात आयुष्य काढलं. माग बिघडला की आधी कानाला कळायचं, डोळ्याला नंतर. तरी तू साउंड शिकायला निघालीस तेव्हा "हे काय काम आहे?" म्हणालो होतो. ते बोलणं मागे घेतो.

तू मागितलेला यंत्रमागाचा आवाज काल काकांच्या पुतण्याच्या शेडमध्ये मोबाइलवर भरून घेतलाय, साडेचार मिनिटांचा. सुरुवातीला धोटा एकदा अडकतो आणि कुणीतरी तेलुगूत शिवी हासडतं. तेवढं कापू नकोस.

तुझा,
बाबा