नाकाऐवजी मोजमापावर विसंबायला शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निर्जंतुकीकरण विभागातल्या हवेची तपासणी म्हणजे आकड्यांचा एक कागद येणार आणि तो फाइलला लागणार, अशी साधारण समजूत असते. तुम्ही आकडे दिलेतच, पण ते कुठून येतात तेही दाखवलंत. त्याबद्दल विभागातल्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र.

पहिलं ऋण नाकाबद्दलचं. उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूची मर्यादा अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षा यंत्रणा) नियमात आठ तासांच्या सरासरीला 1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे आणि त्याचा वास जाणवतो तो शेकडो पीपीएमला. म्हणजे ‘वास नाही, म्हणजे गळती नाही’ हे वाक्य या वायूच्या बाबतीत साफ खोटं. आणि वायू साधा नाही: माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटातला, शिवाय ज्वालाग्राही. उपकरणं बुडवून ठेवायच्या ग्लुटारल्डिहाइड द्रावणाचं नेमकं उलटं. त्याचा वास साधारण 0.04 पीपीएमलाच येतो आणि एसीजीआयएच या अमेरिकन औद्योगिक आरोग्य संस्थेची कमाल मर्यादा 0.05 आहे. तिथे वास आला की मर्यादेच्या उंबऱ्यावर आलोच. एकाच खोलीत दोन रसायनं आणि नाकाच्या साक्षीचे दोन वेगळे अर्थ, हे इतक्या सरळ शब्दांत क्वचितच कुणी सांगतं.

दुसरं, सरासरीची लबाडी. तुमचं फळ्यावरचं गणित अजून पुसलेलं नाही. इथिलीन ऑक्साइडच्या यंत्राचं दार उघडून निर्जंतुक झालेला माल काढताना 15 मिनिटं 20 पीपीएम आणि उरलेली पाळी शून्य, तर आठ तासांची सरासरी येते 0.63. कागदावर सगळं 1 च्या आत! पण 15 मिनिटांची मर्यादा 5 आहे, म्हणजे चौपट ओलांडली. म्हणून वायू मोजणारा दिवसभराचा बॅज एक आणि माल काढण्याच्या वेळेचा वेगळा, दोन्ही कॉलरला, नाकापासून फूटभराच्या आत. खिशाला किंवा पट्ट्याला लावलेला बॅज श्वासातली हवा मोजत नाही.

धुराच्या नळीचा प्रयोग मात्र विसरणं शक्य नाही. ग्लुटारल्डिहाइडच्या ट्रेवर छताकडून ओढणारं हूड होतं. दिसायला भक्कम. तुम्ही ट्रेच्या काठाशी धुराची एक रेघ सोडलीत. ती सरळ वर निघाली आणि वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून हूडकडे गेली. म्हणजे हूड वाफ ओढत होतं, पण माणसाच्या नाकावरून. ट्रेच्या मागच्या कडेला आडवी फट असलेलं शोषण लावलं की तीच रेघ माणसापासून दूर, मागे सरकते. शेजारी टेबल पंखा लावला की ती विस्कटते आणि खोलीभर पसरते. उकडलं तरी पंखा तिथे नको, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पंख्याच्या मोटरचा मुद्दा तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दुरुस्तीनंतर थ्री-फेज जोडणीत दोन तारा अदलाबदल झाल्या की सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरतो, पण हवा त्याच दिशेला ओढत राहतो, फक्त बरीच कमी. जाळीला टिश्यू चिकटतो, आवाज येतो, सगळ्यांना वाटतं चालू आहे. फिरण्याची दिशा बाणाशी ताडून बघायची आणि हवेचा वेग मीटरनं मोजायचा, याला पर्याय नाही. टिश्यूची पट्टी दाराखालच्या फटीशी धरायला ठीक: ती खोलीच्या आत वळली पाहिजे. बाहेर वळली तर खोलीतली हवा कॉरिडॉरला जातेय.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इथिलीन ऑक्साइडच्या यंत्रातच एअरेशन (मालात उरलेला वायू हवेनं काढून टाकणं) होत नसेल तर सायकल संपल्यावर दार थोडंसं उघडून 15 मिनिटं लांब थांबायचं. ट्रॉली ढकलायची नाही, मागे ओढायची, म्हणजे मालातून निघणारा वायू मागे राहतो. पीव्हीसीच्या नळ्या वायू धरून ठेवतात, त्यांना 50 अंश सेल्सिअसला 12 तास एअरेशन, आणि ‘तातडीचं आहे’ म्हणून त्यातला एकही तास कापायचा नाही. (हे शेवटचं शस्त्रक्रिया विभागाला तुमच्याच तोंडून ऐकवलंत, हे फार बरं केलंत.) ग्लुटारल्डिहाइडला साधे लेटेक्सचे हातमोजे चालत नाहीत, नायट्राइल किंवा ब्युटाइल हवेत. आणि सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. तो घातल्यावर सुरक्षित वाटतं, हाच त्याचा धोका.

ट्रे बदलण्याची तुमची सूचनाही अमलात आली आहे: पसरटाऐवजी खोल आणि अरुंद, घट्ट झाकणाचा. उघडा पृष्ठभाग निम्म्याहून कमी झाला. द्रावण ओततानाही कॅनचं तोंड ट्रेच्या तळाशी टेकवलं जातं, उंचावरून धार नाही.

फिल्टर बदलल्यावर हवेचा वेग पुन्हा मोजायचा, हे तुम्ही लाल शाईनं लिहिलं होतं. नवे फिल्टर आले आहेत. मीटर घेऊन याल तेव्हा एक बॅज रात्रपाळीसाठीही आणा, त्या वेळी माल सगळ्यात जास्त निघतो.

आपले,
निर्जंतुकीकरण विभागातले सर्वजण